‘इंडियन’ म्हणजे नेमका कोण?



बुद्धिबळावर बरेच दिवसांत काही लिहिले नाही, अशी भाचरंडांची तक्रार आहे. तक्रार रास्त आहे. २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला, २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात माळ्यावरचे पट खाली उतरले आहेत. सुट्टीत नातवंडे जमली की पत्त्यांच्या जोडीला बुद्धिबळही निघते. आणि मग त्यांच्या तोंडून एक नाव वारंवार कानावर पडते, ‘किंग्ज इंडियन’. या नावाविषयी माझ्या मनात बरीच वर्षे काहीबाही साठले आहे, ते आज लिहून टाकते.

ज्यांना खेळ फारसा येत नाही त्यांनी घाबरू नये. खेळ्यांची आकडेमोड मी करणार नाही. हत्ती, घोडा, उंट, वजीर, प्यादे या आपल्या घरच्या नावांवरच भागवणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या ‘इंडियन’ शब्दामागे एक खराखुरा माणूस आहे. त्याचे नाव बुद्धिबळ शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवे. ते अभिमानापोटी सांगायला हवे असे मी म्हणत नाही. त्या माणसाची गोष्ट कळली की ही सुरुवात अशी का खेळतात तेही कळते, आणि आज मुलांवर पाठांतराचे जे ओझे टाकले जाते ते निम्म्याने उतरते, असा माझा दावा आहे.

तर आधी गोष्ट.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात जॉन कोक्रेन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर होता. जन्म १७९८, मृत्यू १८७८. आयुष्याची पुष्कळ वर्षे त्याने कलकत्त्यात वकिलीत काढली. खेळाडू म्हणून हा मोठा माणूस. मध्ये रजेवर लंडनला गेला तेव्हा स्टाँटनसारख्या त्या काळच्या अव्वल खेळाडूशी त्याने शेकडो डाव खेळले. कलकत्त्यात मात्र त्याच्या तोडीचे कोणी सापडेना. १८४८ च्या सुमारास बातमी आली की शहराबाहेर, मुलुखात, एक ब्राह्मण आहे आणि तो म्हणे आजवर कोणाकडून हरलेला नाही. त्याला शोधून कोक्रेनसमोर बसवण्यात आले. त्याचे नाव महेशचंद्र बंद्योपाध्याय. इंग्रजांनी ते आपल्या कानाला ऐकू आले तसे लिहिले, मोहेशचंदर बॅनर्जी.

या दोघांनी पुढे अनेक वर्षे मिळून पुष्कळ डाव खेळले. एकूण हिशेब कोक्रेनच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकते. पण कोक्रेन शहाणा माणूस. त्याने डाव टिपून ठेवले आणि त्यांतले काही लंडनच्या मासिकांत छापूनही आले. त्यामुळे आज पावणेदोनशे वर्षांनंतर आपण ते पटावर मांडून पाहू शकतो.

पाहिल्यावर काय दिसते? युरोपात त्या काळी जवळजवळ सगळेच राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकत आणि समोरचाही तसेच उत्तर देई. पटाच्या मधली चार घरे आपल्या प्याद्यांनी व्यापायची, हा तेव्हाचा धर्म होता. महेशचंद्र काळ्याकडून खेळताना पुष्कळदा असे करीतच नसे. राजाकडचा घोडा बाहेर काढायचा. त्याच्या शेजारचे प्यादे एकच घर पुढे सरकवायचे. त्या रिकाम्या झालेल्या घरात उंट नेऊन बसवायचा. मग वजिरासमोरचे प्यादेही एकच घर पुढे. बस्स! मधली घरे समोरच्याला मोकळी सोडलेली. गोऱ्या लोकांना हे विचित्र वाटले असणार. अशा सुरुवातींना तेव्हा पुस्तकांत ‘अनियमित’ या खात्यात टाकत.

आज हीच मांडणी किंग्ज इंडियन म्हणून जगभर खेळली जाते. ‘इंडियन डिफेन्स’ हा शब्द १८८४ मध्ये छापलेला आढळतो आणि तेव्हाही तो महेशचंद्राच्या खेळाशीच जोडलेला होता. १९२० च्या दशकात टार्टाकोव्हरसारख्या लेखक-खेळाडूंनी तो सर्वत्र रुळवला. १९३४ मध्ये इंग्लंडच्या बुद्धिबळाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिणाऱ्या फिलिप सार्जंटनेही स्वच्छ लिहून ठेवले आहे की उंट असा बाजूला बसवून खेळण्याचे धडे युरोपीय खेळाडूंना महेशचंद्र आणि इतर हिंदी खेळाडूंच्या उदाहरणातून मिळाले. म्हणजे हा आपल्याकडच्या कोणी उत्साही माणसाने केलेला दावा नव्हे. इंग्रजांनीच दिलेली ही कबुली आहे.

आता मला खटकते ते सांगते.

१८४८ च्याच एका डावात कोक्रेनने महेशचंद्राविरुद्ध चौथ्या खेळीला एक धाडस केले. घोड्यावर हल्ला झालेला असताना तो मागे घेण्याऐवजी त्याने तो एका प्याद्याच्या बदल्यात देऊन टाकला आणि राजाला उघडे पाडले. या खेळीला आज काय म्हणतात? ‘कोक्रेन गँबिट’. आणि १८५५ च्या एका डावात महेशचंद्राने वेगळीच गंमत केली. घोडा बाहेर, उंटासाठी जागा, आणि मग तिसऱ्याच खेळीला वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. ‘हे मार, मधली घरे घे, मग मी त्यांच्यावर हल्ला करतो’ असा त्याचा अर्थ. थोड्या खेळ्यांनी त्याने खरोखरच पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यावर बाजूने घाव घातला. हा विचार त्या काळाच्या कितीतरी पुढचा होता. डाव मात्र त्याने गमावला. शेवटी कोक्रेनला तीन खेळ्यांत मात दिसली. वजीर बळी द्यायचा आणि घोड्याने राजाला त्याच्याच सोंगट्यांच्या गराड्यात गाठायचे. पण सुरुवात काही त्यामुळे वाईट ठरत नाही. सदुसष्ट वर्षांनी, १९२२ मध्ये, ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हीच कल्पना खेळून व्हिएन्नात अलेखाइनला हरवले. सुरुवातीचे नाव पडले ‘ग्रुनफेल्ड डिफेन्स’.

पाहा हं. एकाच पटावर समोरासमोर दोन माणसे बसली. एकाच्या कल्पनेला त्याचे आडनाव मिळाले. दुसऱ्याच्या एका कल्पनेला तिसऱ्याच माणसाचे नाव मिळाले, आणि उरलेल्या कल्पनांना मिळाले नुसते ‘इंडियन’. पुढे त्या इंडियनच्या मागेपुढेही आडनावे लागली. निम्झोविचची ती ‘निम्झो-इंडियन’, बोगोल्युबोवची ती ‘बोगो-इंडियन’. मूळ माणूस तेवढा जोडशब्दाच्या मागच्या भागात विरघळून गेला.

इथे कोणी म्हणेल, ताई, उगाच काय रुसता? फ्रेंच डिफेन्स, स्कॉच गेम, सिसिलियन, डच... देशांची नावे तर सगळ्यांनाच आहेत. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८३४ च्या सुमारास पॅरिस आणि लंडन या शहरांत पत्राने डाव झाले. पॅरिसवाल्यांनी एक बचाव यशस्वी केला, त्याला फ्रेंच म्हणू लागले. त्याआधी १८२४ मध्ये सुरू झालेल्या एडिंबरो-लंडन पत्रडावांवरून स्कॉच हे नाव आले. तिथेही व्यक्तीचे नाव लागले नाही. ते संघाचे डाव होते, त्यामुळे ते साहजिकही होते. म्हणून ‘इंडियन’ हे नाव अपमान आहे असे मी म्हणणार नाही. उलट, ज्यांनी ते दिले त्यांनी निदान पत्ता तरी बरोबर लिहिला.

पण स्पेनचे उदाहरण घ्या. रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ मध्ये बुद्धिबळावर पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात आज कितीतरी देशांत ‘स्पॅनिश’ म्हणून ओळखली जाते, आणि इंग्रजीत ‘रुय लोपेझ’ म्हणून. देशही मिळाला, माणूसही मिळाला. महेशचंद्राच्या वाट्याला देश आला आणि माणूस गळला. नाव बदला, अशी मोहीम काढण्यात मला काडीचाही रस नाही. शिकवणाऱ्याने नाव उच्चारताना अर्धा मिनिट थांबून त्या माणसाची ओळख करून द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.

आता दुसरा भाग, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा. महेशचंद्राला हे सुचले कुठून?

आमच्या लहानपणी वडील आणि त्यांची मित्रमंडळी ओसरीवर देशी पद्धतीने खेळत. नव्या पिढीतल्या बहुतेकांना ती ठाऊक नाही म्हणून सांगते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. आजचा किल्लेकोट, ज्याला मुले कॅसलिंग म्हणतात, तो नव्हता. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, तीसुद्धा तोवर त्याला शह लागलेला नसेल तरच. प्यादे पलीकडच्या टोकाला पोचले की हवा तो मोहरा मिळत नसे. ज्याच्या घरात पोचले त्याचाच तो होई. गावागणिक, प्रांतागणिक नियमांत थोडाफार फरक असे, पण प्याद्याने एकेक पाऊल टाकायचे ही गोष्ट देशभर बरीचशी सारखी होती.

आता या नियमांनी खेळून पाहा. प्यादी धावतच नाहीत, त्यामुळे दोन्ही सैन्ये लवकर भिडत नाहीत. घाईने हल्ला करून उपयोग नसतो. आधी घर नीट लावायचे, सोंगट्या मोक्याच्या जागी बसवायच्या, मग हळूहळू पुढे सरकायचे. उंट बाहेर काढायचा तर एक घर सरकलेल्या प्याद्याने जी जागा मोकळी केली तिथेच त्याला बसवणे सोयीचे. तिथून तो लांबलचक कर्णावर नजर ठेवून राहतो. इटालियनमध्ये याला फियांचेटो म्हणतात. आपल्या ओसरीवर त्याला काही नावच नव्हते, कारण तो रोजचाच प्रकार होता!

किंग्ज इंडियनमधल्या काळ्याच्या पहिल्या चार खेळ्या पुन्हा मोजा. घोडा, प्यादे एक घर, उंट, प्यादे एक घर. या चारही खेळ्या देशी नियमांत जशाच्या तशा बसतात. दोन घरांच्या उडीची कुठे गरजच पडत नाही. महेशचंद्राने साहेबाचे नियम शिकून घेतले, पण हाताची सवय घरचीच ठेवली. आपल्या घरच्या खेळातली शहाणीव त्याने परक्या नियमांत चालवून पाहिली आणि ती चालली. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. त्याने कोणाची नक्कल केली नाही आणि नवे शिकायला नाहीही म्हटले नाही.

हाच प्रकार पुढे पंजाबच्या मीर सुलतान खान यांच्या बाबतीत घडला. तेही देशी पद्धतीवर वाढलेले. सर उमर हयात खान यांच्याबरोबर १९२९ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले. पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्येही झाले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी साक्षात कापाब्लांकाला हरवले. त्या डावात काळ्याकडून कापाब्लांका काय खेळला होता? ‘क्वीन्स इंडियन’! हिंदुस्थानातून आलेल्या माणसासमोर बसून क्यूबाचा माजी जगज्जेता इंडियन बचाव खेळतो आणि हरतो. आम्ही वर्गात म्हणायचो तसे, इतिहास कधीकधी विनोदही करतो. सुलतान खान १९६६ मध्ये वारले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये. असो.

आता थोडे शास्त्राविषयी. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात निम्झोविच, रेटी, टार्टाकोव्हर अशी नव्या विचारांची फळी उभी राहिली. मधली घरे व्यापली नाहीत तरी चालेल, दुरून त्यांच्यावर दाब ठेवला तरी पुरे, असे त्यांचे म्हणणे. जुन्या मताच्या डॉ. टाराशसारख्या पंडितांना ते पटत नव्हते. या नव्या विचारामुळे इंडियन बचावांना शास्त्राचा आधार मिळाला. तरी किंग्ज इंडियनकडे मात्र तीसच्या दशकापर्यंत लोक संशयानेच पाहत. काळ्याला जागा फार कमी मिळते, हे त्यांचे कारण. आणि ते खोटेही नव्हते.

तिला खरी प्रतिष्ठा दिली ती युक्रेनमध्ये घडलेल्या तीन सोव्हिएत खेळाडूंनी, कॉन्स्टँटिनोपॉल्स्की, बोलेस्लाव्स्की आणि ब्रॉन्स्टाइन. १९४६ च्या प्राग-मॉस्को सामन्यात तरुण ब्रॉन्स्टाइनने पाखमन आणि झीटा या दोघांविरुद्ध काळ्याकडून जे दोन विजय मिळवले, त्यांनी जगाचे डोळे उघडले. ज्या मांडणीला लोक कोंदट समजत होते तिच्या आत दाबून ठेवलेली स्प्रिंग आहे, हे दिसले. १९५३ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे नायडॉर्फविरुद्ध ग्लिगोरिच खेळला तो प्रकार त्या गावाच्या नावानेच प्रसिद्ध झाला. पुढे ताल, फिशर, कास्पारोव्ह यांनी ही सुरुवात गाजवली. कास्पारोव्हने तर १९९० च्या कार्पोव्हविरुद्धच्या जागतिक लढतीतही ती वापरली.

या सुरुवातीचा गाभा अगदी साध्या शब्दांत सांगता येतो. पांढरा मधे प्याद्यांची भिंत उभी करतो. काळा त्याला ती करू देतो, आपला राजा सुरक्षित करतो आणि मग राजासमोरचे प्यादे पुढे घालून त्या भिंतीला धक्का देतो. पांढऱ्याने आपले प्यादे पुढे रेटले तर मधला भाग बंद होतो. मग दोघांच्या प्याद्यांच्या साखळ्या तिरक्या उभ्या राहतात. साखळीचे टोक ज्या दिशेला, त्या दिशेला ज्याचे त्याने चालून जायचे. पांढरा वजिराच्या बाजूला घुसतो. काळा राजाच्या बाजूला प्यादी सोडतो, थेट पांढऱ्या राजाच्या अंगणात. ही शर्यत असते. पांढरा आधी पोचला तर त्याला बहुधा दोनचार प्यादी मिळतात. काळा आधी पोचला तर मात!

यात एक गंमत आहे. ज्या उंटासाठी सगळा खटाटोप केला, तोच पुढे आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो. आणि जो दुसरा उंट घरातून हललेलाही नसतो, तो पांढऱ्या राजासमोर बळी जाण्यासाठी राखून ठेवावा लागतो. म्हणून जाणता पांढरा खेळाडू त्या न हललेल्या उंटाची अदलाबदल करायला टपलेला असतो. हे कळले की खेळ्या आपोआप सुचतात.

ही सुरुवात काही रामबाण नव्हे. पेट्रोशियनसारखा खंबीर खेळाडू पांढऱ्याकडून तिच्याविरुद्ध इतका यशस्वी होई की किंग्ज इंडियनवर आपले घर चालते, अशा अर्थाचे तो थट्टेने म्हणे असे सांगतात. १९९७ मध्ये नोव्हगोरोदला क्राम्निककडून हरल्यावर कास्पारोव्हनेही ती सोडून दिली. आजचे संगणक तर ती मांडली की पांढऱ्याला स्पष्ट वरचढ दाखवतात. म्हणून काही लोक म्हणतात, आता ती संपली. मला हे पटत नाही. संगणक दाखवतो ती वरचढ टिकवायला संगणकासारखेच खेळावे लागते. दोन माणसे समोरासमोर असली की जागा कमी असलेल्या पण योजना पक्की असलेल्या माणसाला नेहमी संधी असते. पटावरही, आणि बाहेरही.

आता नातीची गोष्ट. माझी नात अकरा वर्षांची आहे. शिकवणीला जाते. तिथे तिने किंग्ज इंडियनच्या अठरा खेळ्या पाठ केल्या होत्या, अगदी पाढ्यांसारख्या खडाखडा. स्पर्धेत समोरच्या मुलाने पाचव्याच खेळीला वेगळे प्यादे हलवले. राजाच्या उंटासमोरचे, एकच घर. ही चांगली नावाजलेली पद्धत आहे, सेमिश या जर्मन खेळाडूच्या नावाची. नातीच्या पाठात ती नव्हती. ती पाठ केलेल्याच खेळ्या खेळत राहिली आणि हरली. असे दोनतीनदा झाल्यावर म्हणाली, “आज्जी, मला बुद्धिबळ येतच नाही. मी सोडते.”

मी तिला विचारले, “तुझा उंट तिथे का बसला आहे?” ती म्हणाली, “तिथेच बसवायचा असतो.” मंडळी, पस्तीस वर्षे मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ असलेली पण त्या वर्षी काय झाले आणि का झाले ते न सांगता येणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. तो दोष मुलांचा कधीच नव्हता. परीक्षा जे मागते ते मुले देतात. शिकवणीचेही तेच. पालकांना महिन्याभरात चषक हवा असतो आणि अठरा खेळ्या पाठ करून घेणे हा त्याचा जवळचा रस्ता दिसतो. शिकवणारेही काही वाईट माणसे नसतात. तेही पालकांच्या घाईला तोंड देत असतात.

मी तिला महेशचंद्राची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघी चार दिवस देशी नियमांनी खेळलो. प्यादे एकच घर! पहिल्या दिवशी ती कंटाळली. दुसऱ्या दिवशी तिनेच न सांगता उंट बाजूच्या घरात बसवला. “इथून त्याला लांबचे दिसते,” म्हणाली. मला आणखी काय हवे होते? पुढच्या स्पर्धेत तिने सगळे डाव जिंकले, असे लिहायला मला आवडले असते, पण तसे काही झाले नाही. पाचपैकी तीन हरली. फरक एवढाच की घरी येऊन प्रत्येक डाव का हरला ते तिने मला पटावर मांडून दाखवले. आणि खेळ सोडलेला नाही.

म्हणून माझे मत असे बनले आहे की सुरुवातीचा इतिहास हे बुद्धिबळ शिकवण्यातले शोभेचे प्रकरण नाही. तो शिकवण्याचा मार्गच आहे. कोणत्या अडचणीतून कोणाला काय सुचले, लोकांनी त्यावर काय शंका घेतल्या, त्या कोणी दूर केल्या, हे क्रमाने सांगितले की मुलाला कारण कळते. कारण कळलेले मूल पाचव्या खेळीला समोरच्याने वाट बदलली तरी हरवून जात नाही. पाठांतर नकोच असे नाही. पाढ्यांवाचून गणित अडते, हे मला मान्य आहे. पण आधी अर्थ, मग पाठ. क्रम उलटला की मूल खेळापासून तुटते.

आणि जाता जाता आपल्या मंडळींनाही एक चिमटा. “हे सगळे आपल्याकडे आधीपासून होते” म्हणून छाती फुगवणाऱ्यांचे निरोप माझ्या मोबाइलवर रोज येतात. त्यांना विचारावेसे वाटते, की मग महेशचंद्राचे नाव तुम्हाला ठाऊक होते का? त्याचे डाव आपल्यापर्यंत पोचले ते कोक्रेनने टिपून ठेवले म्हणून. आपल्या ओसऱ्यांवर शेकडो वर्षे डाव रंगले, पण लिहून ठेवण्याची सवय आपल्याला फारशी नव्हती. कल्पना आपली आणि वही साहेबाची, असा हा मामला. त्यामुळे नाव कोणाचे लागले याबद्दल साहेबावर जेवढे रुसायचे, त्यातले थोडे आपल्या टिपणे न ठेवण्याच्या सवयीवरही रुसावे.

आमच्या पिढीबरोबर देशी बुद्धिबळाचे नियमही जातील अशी मला धास्ती वाटते. माझ्या वडिलांच्या ओसरीवर कोणते नियम होते ते मी वर लिहिले. कोकणात, खानदेशात, विदर्भात, मराठवाड्यात, गोव्यात वेगळे असतील. राजाची उडी कधी चाले? एकटा उरलेला राजा असेल तर काय करत? कोणत्या मातेला मान असे आणि कोणती कमीपणाची मानत? तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी खेळणारे आजोबा, काका, मामा असतील तर त्यांना विचारा आणि इथे अभिप्रायात लिहा. आजीलाही विचारा हो, आम्हीही खेळत होतो! आलेले सगळे नियम मी गावाच्या नावासह एका लेखात एकत्र करीन.

वाट पाहते.